गेमिंगला कर्व्ह्ड अल्ट्रावाइड मॉनिटर जरूर घ्या, पण ३४ इंचीच्या वर जाऊ नका (पटत नसेल तर लिहा)

धागाकर्ता
गेली तीन वर्षं ३४ इंची वापरतोय. मधे सहा-सात महिने ४५ इंची होता, तो विकून परत ३४ वर आलो, म्हणून हा धागा.

सगळे आधी इंच विचारतात. पण इंच म्हणजे कर्ण, आणि अल्ट्रावाइडमधे (रुंदी:उंची नेहमीच्या १६:९ ऐवजी २१:९ किंवा ३२:९) कर्ण फसवतो. ३४ इंची २१:९ ची उंची साधारण ३३ सेंमी भरते, म्हणजे २७ इंची साध्या मॉनिटरएवढीच, फक्त रुंदी ६० च्या जागी ८० सेंमी होते. ज्यांच्याकडे आधी ३२ इंची होता (उंची ४० सेंमी) त्यांना हा खोक्यातून काढल्या काढल्या बुटका वाटतो आणि मग ते थेट ४५ कडे पळतात, मी पण तेच केलं. घोळ असा की बऱ्याच ४५ इंचींचं रिझोल्यूशन ३४ वालंच असतं, ३४४० बाय १४४०. पिक्सेल तेवढेच, जागा मोठी. ३४ वर इंचाला ११० पिक्सेल पडतात, ४५ वर ८३. लांबच्या झाडांच्या फांद्या, कुंपणाच्या जाळ्या सगळं खरबरीत दिसायला लागलं आणि गेम बंद करून काही वाचायला घेतलं की अक्षरांच्या कडा टोचायच्या. ५१२० बाय २१६० वाले ४५ इंची पण आलेत आता, पण ते १ कोटी १० लाख पिक्सेल झाले, फोरके (३८४० बाय २१६०) ८३ लाखांचं असतं त्याच्याही वर. ते ओढेल असं ग्राफिक्स कार्ड किती जणांकडे आहे? ३४ ला ५० लाखांत काम होतं.

सिमरेसर
अजिबात पटलं नाही. ४५ चा राग तुम्ही सगळ्या मोठ्या स्क्रीनवर काढताय. माझ्याकडे ४९ इंची आहे, ३२:९, ५१२० बाय १४४०. त्याची पिक्सेल घनता तुमच्या ३४ एवढीच पडते कारण तो म्हणजे दोन २७ इंची शेजारी शेजारी, मधली पट्टी काढून टाकलेली. खरबरीत वगैरे काही नाही.

आणि कार चालवताना डोळ्याच्या कोपऱ्यात जे दिसतं तेच तर सगळं असतं हो! शेजारी गाडी आलीये का, वळणाचा आतला कोपरा कुठे आहे. ज्या गेममधे उंची तशीच ठेवून बाजू वाढवतात तिथे साध्या १६:९ वर ९० अंश दिसत असेल तर २१:९ वर साधारण १०६ आणि ३२:९ वर जवळपास १२७ अंश दिसतं. फ्लाइट सिम्युलेटरमधे पण तेच, खिडकीतून बाजूचा पंख दिसतो. हा अनुभव ३४ वर येत नाही, मी दोन्ही वापरलेत.

फ्रेम्सआधी
१२७ अंश कागदावर छान आहे, पण गेम चित्र काढतो ते सपाट पडद्यासाठी. म्हणून कडेची गाडी लांबुळकी, ओढल्यासारखी दिसते, आणि पडदा वाकवला म्हणून ते सुधारत नाही. ४९ च्या दोन्ही टोकांना जे दिसतं ते फक्त हालचाल कळण्यापुरतं.

मुळात ३४ तरी का घ्यायचा? १४४०पी च्या (२५६० बाय १४४०) साध्या मॉनिटरपेक्षा ३४ टक्के जास्त पिक्सेल, तेवढा भार कार्डावर. त्यात व्हॅलोरंट बाजूला काळे पट्टेच ठेवतो, एल्डन रिंग अधिकृतपणे १६:९ च्या बाहेर जात नाही, मॉड (चाहत्यांनी केलेला बदल) टाकून करा आणि मग ऑनलाइन खेळता येत नाही. प्लेस्टेशन ५ लावलात तरी पट्टे. कितीतरी गेममधे खेळताना स्क्रीन भरलेली असते आणि कथेचा प्रसंग सुरू झाला की परत १६:९. शिवाय मिनीमॅप (गेममधला छोटा नकाशा) पार कोपऱ्यात जाऊन बसतो, दरवेळी मान वळवायची, काही गेम आतली माहिती मधे सरकवू देतात, सगळे नाही देत. स्पर्धेत उतरणारे २४-२५ इंचीवर खेळतात ते उगीच नाही, सगळं एका नजरेत मावतं.

धागाकर्ता
@फ्रेम्सआधी, स्पर्धेसाठी तुमचं शंभर टक्के बरोबर, तसं खेळणाऱ्याने अल्ट्रावाइड घेऊच नये. पण मी रात्री एकटा सायबरपंक २०७७ सारखं काही खेळणारा माणूस आहे, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या इमारती एकदम दिसतात तेव्हा १६:९ वर परत जाववत नाही. कथेच्या प्रसंगातले पट्टे मला दोन मिनिटांनी दिसेनासे होतात.

@सिमरेसर, ४९ च्या घनतेबद्दल मान्य, ते लिहायला हवं होतं. पण त्याची उंची बघा, ती पण ३३-३४ सेंमीच. रुंदी १२० आणि उंची ३४ म्हणजे पत्रपेटीच्या फटीतून बघितल्यासारखं, गाडी सोडून दुसरं काही खेळलात की जाणवतं.

सपाटचबरा
तुम्ही तिघंही वक्र धरूनच बसलायत. ४२ इंची सपाट ओलेड (प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो असं पॅनेल) फोरके घ्या. रुंदी ९३ सेंमी, उंची ५२. अल्ट्रावाइड हवं असेल तेव्हा ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमधून ३८४० बाय १६०० चं कस्टम रिझोल्यूशन लावा, वरखाली पट्टे येतील पण ओलेडवर काळा म्हणजे पिक्सेल बंदच, अंधारात पट्टा दिसतही नाही. मधे उरतं ते ९३ बाय ३९ चं चित्र, तुमच्या ३४ पेक्षा रुंद आणि उंचही. आणि जो गेम २१:९ मानत नाही तिथे पूर्ण स्क्रीन वापरा. एकाच पैशात दोन मॉनिटर. वक्राने मला तर फक्त सरळ रेषा वाकड्या दिसायच्या.

धागाकर्ता
रोज तासन्‌तास पट्टे लावून ठेवले तर मधला भाग जास्त झिजणार आणि वरखालचा नवाच राहणार, ओलेडला हे चालत नाही. आणि ५२ सेंमी उंच स्क्रीन टेबलावर समोर आली की वरचा भाग बघायला मान वर, सपाट असल्यामुळे कोपरे लांब. माझं मत बदललेलं नाही. पण गेमनुसार आकार बदलायचा हा मुद्दा भारी आहे, हे डोक्यात आलं नव्हतं.

पॅनेलचं पण सांगून टाकतो. व्हीए (एलसीडीचा एक प्रकार) स्वस्त पडतो, काळा चांगला देतो, पण बऱ्याच व्हीएंमधे अंधाऱ्या गुहेत कॅमेरा फिरवला की काळ्यामागे शेपूट ओढली जाते, माझा पहिला तसाच होता. क्यूडी-ओलेडचा (ओलेडचाच एक प्रकार) वेग अफलातून, एलियनवेअरने २०२२ मधे ३४ इंची आणला तेव्हापासून लोक त्याच्या मागे आहेत, पण खोलीत भरपूर उजेड असेल तर त्याचा काळा राखाडी होतो. दिवसा खेळणाऱ्याने हे बघूनच घ्यावं.

पहिल्यांदाघेणारा
मी ४९ जवळपास ठरवला होता, १०००आर वाला. १०००आर म्हणजे नक्की काय धरायचं? आणि जागेचा अंदाज कसा घ्यायचा?

सिमरेसर
वक्राची त्रिज्या १००० मिमी, म्हणजे तो पूर्ण गोल केला तर मध्य एक मीटरवर. साधारण तेवढ्याच अंतरात बसायचं, १८००आर त्यामानाने सपाट. पण एक गोष्ट कोणी सांगत नाही, ४९ इंचीला १०००आर असेल तर नुसत्या वक्रामुळे दोन्ही टोकं मधल्या भागापेक्षा १७ सेंमी पुढे येतात, ३४ इंची १८००आर ला हेच जेमतेम साडेचार. त्यावर स्टँडची खोली वेगळी. स्टँडऐवजी आर्म (मॉनिटर धरणारा टेबलाला लावायचा दांडा) लावणार असाल तर त्याची वजनाची मर्यादा वाचा, साधे आर्म एवढं वजन पेलत नाहीत, हळूहळू मान टाकतात. पुठ्ठा कापा १२० बाय ३४ चा, वाकवून टेबलावर उभा करा आणि दोन दिवस त्याच्यासमोर बसा.

पहिल्यांदाघेणारा
केलं. टेबल ६० सेंमी खोल आहे. पुठ्ठ्याची टोकं कीबोर्डच्या दोन्ही बाजूंना आली, स्पीकर ठेवायला जागाच नाही, आणि माऊस उजवीकडे नेला की हात पुठ्ठ्याला लागतोय. आता ८० बाय ३३ चा कापतोय.

सिमरेसर
टेबल बदला की राव, मॉनिटर का बदलताय!