मदत हवी आहे: प्रशिया १९३२, हरलेलं सरकार खुर्चीवर कसं राहिलं?

नमस्कार मंडळी,

आमचा ग्रुप स्पर्धेसाठी एकांकिका बसवतोय. काळ १९३२, स्थळ बर्लिन, प्रशियाची विधानसभा (लांडटाग). संहिता अर्ध्यावर आली आणि गाडी अडली. दिग्दर्शक तालमीत रोज एकच प्रश्न विचारतो आणि मी 'बघतो' म्हणून वेळ मारून नेतो.

संदर्भ असा. प्रशिया म्हणजे तेव्हाच्या जर्मनीचा साधारण तीन पंचमांश भाग. तिथे सोशल डेमोक्रॅट पक्षाचे ओटो ब्राउन १९२० पासून, मधले छोटे खंड सोडले तर, सरकार चालवत होते. २४ एप्रिल १९३२ ला निवडणूक झाली आणि १९२८ ला ६ जागा असलेले नाझी थेट १६२ वर गेले. सोशल डेमोक्रॅट १३७ वरून ९४ वर घसरले. कॅथलिकांचा सेंट्रम पक्ष ६७, कम्युनिस्ट ५७, उजव्या विचारांचा जर्मन नॅशनल पक्ष ३१, बाकी किरकोळ. सभागृह ४२३ चं, म्हणजे बहुमत २१२. ब्राउन यांची आघाडी (सोशल डेमोक्रॅट, सेंट्रम आणि एक छोटा पक्ष) मिळून १६३!

एवढा सपाटून मार खाऊनही ब्राउन यांचं सरकार जुलैपर्यंत टिकलं कसं? नाझी आणि कम्युनिस्ट मिळून २१९ होतात, मग त्यांनी ते पाडलं का नाही? आणि शेवट २० जुलैला करायचा आहे, तर तिथे गोळीबार दाखवला तर चालेल का? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १

मेख मतदानात नाही, सभागृहाच्या नियमात आहे. आधीच्या नियमाप्रमाणे पहिल्या फेरीत कुणालाच निर्भेळ बहुमत मिळालं नाही तर पहिल्या दोघांत लढत, आणि ज्याला जास्त मतं तो मुख्यमंत्री. नाझी आणि जर्मन नॅशनल मिळून १९३. कम्युनिस्ट तटस्थ राहिले असते तर खेळ खलास. म्हणून मावळत्या सभागृहाने १२ एप्रिलला, निवडणुकीला १२ दिवस उरले असताना, नियम बदलला: दुसऱ्या फेरीतही निर्भेळ बहुमतच हवं.

ते कुणाकडेच नव्हतं. नाझी आणि सेंट्रम मिळून २२९ होत होते, बोलणीही झाली, पण फिसकटली. ब्राउन यांनी नवं सभागृह भरताच मे महिन्यात राजीनामा दिला होता, पण नवा मुख्यमंत्री निवडून येईपर्यंत काळजीवाहू म्हणून तेच राहिले. ज्याने राजीनामा आधीच दिलाय त्याच्यावर अविश्वास आणून काय पाडणार?

प्रतिसाद २

थोडक्यात रडीचा डाव. नाझी नकोत हे मान्य, पण हरणार हे दिसल्यावर नियम बदलायचा आणि वर लोकशाही वाचवली म्हणायचं? त्याने नाझींच्या हाती आयतं कोलीत मिळालं.

प्रतिसाद १

तुमचा राग समजतो, पण जुन्या नियमाने अल्पमतातला नाझी मुख्यमंत्री झाला असता आणि प्रशियाचं पोलीसदल त्याच्या ताब्यात गेलं असतं. खरी झुंज त्या पोलीसदलासाठीच होती.

धागाकर्ता

दोघांचेही आभार, हा वादच दोन पात्रांच्या तोंडी घालतो. २० जुलैचं कुणी सांगेल का?

प्रतिसाद ३

गोळीबार अजिबात नको. जर्मनीचे चॅन्सेलर (म्हणजे पंतप्रधान) पापेन यांनी सकाळी प्रशियाच्या मंत्र्यांना बोलावून राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांचा राज्यघटनेच्या कलम ४८ खालचा (आणीबाणीचे अधिकार देणारं कलम) हुकूम ऐकवला आणि कारभार स्वतःकडे घेतला. आपल्याकडच्या राष्ट्रपती राजवटीसारखंच, फक्त जोडीला बर्लिनमध्ये लष्करी अंमल. निमित्त १७ जुलैच्या आल्टोना दंगलीचं (हाम्बुर्गजवळच्या या गावात नाझी मोर्चावरून रक्तपात झाला होता). ब्राउन तेव्हा रजेवर होते. गृहमंत्री सेव्हरिंग म्हणाले, बळाचा वापर झाला तरच हटेन. संध्याकाळी नवा पोलीसप्रमुख दोन पोलीस अधिकारी घेऊन दारात आला, आणि ते 'बळ' पुरेसं मानून सेव्हरिंग उठले. याहून नाट्यमय काय हवं?

मारामारीच हवी असेल तर २५ मे घ्या. कम्युनिस्ट नेते पीक (हेच पुढे पूर्व जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष झाले) बोलत असताना नाझी सदस्य धावून गेले आणि सभागृहातच हाणामारी जुंपली. २० जुलैच्या या हुकुमावरचा लायप्झिगच्या न्यायालयाचा २५ ऑक्टोबरचा निकाल मात्र गाळा. तो धड इकडचा ना धड तिकडचा आहे, रंगमंचावर समजावता समजावता तुमची वेळ संपेल.