मदत हवी आहे: लांडग्यांच्या रोलप्लेमध्ये ‘निसर्गात असं होत नाही’ हा नियम ठेवावा की काढावा?

कुसळी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

विषय जरा विचित्र वाटेल. पण इथे प्राण्यांवर वाचणारे आहेत आणि गटांतली भांडणं मिटवून दमलेलेही आहेत, म्हणून इथेच विचारते.

२०२१ मध्ये, घरात बसून कंटाळलेल्या आम्ही सहा जणांनी डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर मराठी रोलप्ले सुरू केला. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रत्येकाने एक लांडगा घ्यायचा, त्याचं नाव, वय, स्वभाव लिहून मॉडकडे (गट सांभाळणाऱ्याकडे) द्यायचा आणि मग सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची. मी चार ओळी लिहिते, त्यावर तुमचा लांडगा काय करतो ते तुम्ही लिहिता. शिकार साधली की हुकली हे फासे ठरवतात. इंग्रजीत असे गट पैशाला पासरी आहेत, पण सगळे बर्फातले. आम्हाला आपला माळ हवा होता. सासवड-सुप्याकडचं कुसळी गवत, बोराटीच्या जाळ्या, रात्री धनगराच्या वाघरीभोवती (मेंढ्या कोंडायच्या जाळीभोवती) घातलेल्या घिरट्या. आता चाळीसेक जण आहोत, दहावीतल्या पोरांपासून पन्नाशीतल्या एका काकांपर्यंत.

नियम क्र. ४ पहिल्यापासून असा आहे: ‘निसर्गात जे होत नाही, ते इथे होणार नाही.’ मीच लिहिला. कारण पहिल्याच महिन्यात एकाने पंखवाला लांडगा आणला आणि एकीच्या लांडगीच्या डोळ्यांतून वीज पडायला लागली. या नियमानेच गट वाचला, हे मी आजही मानते. पण गेल्या वर्षभरात त्याची नुसती काठी झालीये. नवा कुणी आला की उगारायची.

एका मुलाने तीन पायांचा लांडगा मागितला. नाव ‘तिपाय’. मागचा डावा पाय फासात गेलेला. आमच्याकडे एक अनुभवी दादा आहेत, माळरानावर भरपूर हिंडलेले. ते म्हणाले, “असला लांडगा आठवड्यात मेला असता. नियम ४.” मी मान डोलावली आणि अर्ज नाकारला. अर्ज नीट वाचला तो नंतर. त्यात लिहिलं होतं: ‘उतारावर तो आधी छाती खाली घेतो, मग मागचा एकुलता पाय ओढून आणतो. उन्हाळ्यात खडक तापला की त्याच पायाची गादी आधी सोलते, कारण तो उचलून धरायला दुसरा नाही.’ आमच्या चार पायांच्या एकाही लांडग्याला इतकं शरीर नाहीये हो. त्या मुलाचा स्वतःचा एक हात लहानपणापासून निकामी आहे, हे तर मला फार उशिरा कळलं.

नंतर वाचत बसले, तर पाय गमावलेले लांडगे जगल्याच्या नोंदी आहेत. मेलेल्या रानटी लांडग्यांच्या सांगाड्यांत मोडून पुन्हा जुळलेल्या बरगड्या सापडतात. म्हणजे मी वास्तवाच्या नावाखाली नाकारलं ते वास्तवच होतं.

दुसरी गोष्ट. दोघींना त्यांच्या दोन माद्यांनी मिळून पिल्लं वाढवावीत असं लिहायचं होतं. अर्ध्या तासात तिघांनी ‘नियम ४’ एवढंच टाकलं. आणि गंमत बघा, हेच तिघं आपापल्या लांडग्याला ‘अल्फा’ (टोळीचा म्होरक्या) म्हणवतात आणि त्या पदासाठी दर महिन्याला मारामारी लावतात. अल्फाची कल्पना आली कुठून, तर १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण केलं, त्यातून. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती जगभर नेली आणि त्याच मेक यांनी १९९९ च्या शोधनिबंधात सांगितलं की रानातली टोळी म्हणजे बहुतेकदा आई, बाप आणि त्यांची पोरं. तिथे पदासाठी कसली कुस्ती? पण अल्फावर कुणी नियम ४ लावला नाही. लावणार कोण!

तिसरी गोष्ट मला झोपू देत नाही. आमच्याकडे उपासमारीचा नियम आहे. दहा दिवस काही लिहिलं नाही तर लांडगा अशक्त, पंधरा दिवसांनी मेला. एका ताईंचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. मध्ये त्या दवाखान्यात होत्या, तेवढ्यात त्यांची ‘आभाळी’ मेली. तीन वर्षांची लांडगी. परत आल्यावर त्यांनी फक्त लिहिलं, “ठीक आहे, नियम आहे.”

आणखी बारीकसारीक: दीडशे शब्दांची अट (मोबाइलवर टाइप करणाऱ्या पोरांचा जीव जातो), बोलीत लिहिलं की ‘शुद्ध लिहा’ म्हणून टोकणं. शिवाय नुकतेच आलेले एक दृष्टिहीन सभासद आहेत. त्यांना आमचा नकाशाच कळत नाही, कारण तो चित्र आहे.

दादा खलनायक नाहीत, हे आवर्जून सांगते. ते नसते तर आमचे लांडगे अजून चंद्राकडे बघून शपथा घेत असते. नियम ४ काढला तर मी जाईन, असं ते म्हणतात आणि पाचसहा जण त्यांच्याबरोबर जातील. आणि एक गोष्ट चर्चेला नाही: गटात लहान मुलं आहेत, त्यामुळे मिलन आणि रक्तबंबाळ वर्णनं लिहायची नाहीत, निसर्गात कितीही होत असोत. यावर दादाही एका शब्दाने वाद घालत नाहीत.

तर नियम ठेवू, काढू की बदलू? बदलायचा तर नेमका कसा?

---

रानवाट_०७

चांगला धागा. नियम काढू नका, उलटा करा. ‘होत नाही’ म्हणणाऱ्याने ते दाखवायचं. आत्ता दाखवण्याचं ओझं नव्या माणसावर आहे आणि ‘होत नाही’ म्हणणारा नुसता आकडा टाकून मोकळा.

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५ पासून कॅनडातले लांडगे आणून सोडले. त्यातल्या ९ क्रमांकाच्या मादीचा जोडीदार गोळी लागून मेला, तिला आठ पिल्लं. ८ क्रमांकाचा एक तरणा नर येऊन मिळाला आणि परक्याची पिल्लं त्याने वाढवली. तिथल्याच ड्रुइड टोळीत २००० साली तीन माद्यांची मिळून २१ पिल्लं होती, पुढच्या वर्षी टोळी ३७ वर गेली. आता सांगा, दोन माद्यांनी मिळून पिल्लं वाढवण्यात न होण्यासारखं काय आहे? लांडगेच कशाला, रणथंभोरमध्ये २०११ साली वाघीण मेल्यावर टी-२५ या नराने दोन पिल्लं सांभाळली. आधी कुणी असं लिहिलं असतं तर तुमच्या दादांनी नियम ४ टाकला असता.

एक मात्र दादांच्या बाजूने. आपल्या माळावरची टोळी लहान असते, ३७ वगैरे आकडे इथे आणू नका. दाट फर, काळेकुळकुळीत लांडगे हेही तिकडचं. कुणी संकरित मागितला तर मात्र चटकन नाही म्हणू नका. पुण्याजवळच्या माळावर लांडगा-कुत्रा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून समोर आलंय. अभ्यासकांना त्याची काळजी वाटते आणि ती काळजी गोष्टीत यायला हवी.

---

मोडका_चष्मा

रानवाट, सगळं पटलं, पण यात एक खड्डा आहे. उद्या कुणी असं काही मागितलं की ज्याची नोंदच नाही, मग? हवाईमधल्या ओआहू बेटावरच्या लेसन अल्बाट्रॉस या समुद्रपक्ष्यांवर २००८ मध्ये अभ्यास छापून आला, तिथल्या ३१ टक्के जोड्या मादी-मादी निघाल्या. छान. पण तो अभ्यास झालाच नसता, तर त्या दोघींना गटात जागा नव्हती का? प्रत्येकाने तहसीलदाराकडून आणावा तसा निसर्गाचा दाखला का आणायचा?

कुसळी, तुझ्या यादीत दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीये. तिपाय आणि दोन माद्या हा लांडग्यांचा प्रश्न. आभाळी, दीडशे शब्द, नकाशा हा लिहिणाऱ्या माणसांचा. दुसऱ्या ढिगात वास्तवाचा काही संबंधच नाही. डायलिसिसला गेलेल्या बाईची लांडगी उपाशी मरते, हे कुठलं निसर्गशास्त्र? लांडगी भुकेने मरावी ती फासे उलटे पडले म्हणून, दुष्काळ पडला म्हणून. मालकीण रजेवर असली तर लांडगी टोळीतच आहे, मागे चालतेय, एवढं धरायचं. आभाळीला परत आणा. ‘मेली असं वाटलं, पण ओढ्यात सापडली’ असं एका ओळीत होईल.

---

कोरडा_ओढा

इतकंच असेल तर पंखही द्या सगळ्यांना. नियम एकदा सैल केला की संपलं.

---

मोडका_चष्मा

@कोरडा_ओढा पंखाला कुणी हो म्हटलंय? तीन पाय म्हणजे एक कमी. पंख म्हणजे दोन जास्त. हिशेब जमतोय का?

---

अनुस्वार

मी दृष्टिहीन आहे, स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरतो. तुमच्या गटात नाही, पण अशा दोन इंग्रजी गटांत होतो. नकाशाबद्दल सांगतो.

नकाशा शब्दांत लिहा, पण ‘उत्तरेला टेकडी, दक्षिणेला तळं’ असा शाळेतला नको. लांडगा काय नकाशा बघतो का? तो वासाने चालतो. ‘ओढ्याच्या वरच्या अंगाला मेंढ्यांच्या लेंड्यांचा वास, खाली उतरलं की ओल्या चिखलाचा, डांबरी रस्त्याआधी शंभर पावलं डिझेलचा.’ असा लिहिलात तर मला कळेल आणि तुमच्या दादांनाही नाक मुरडता येणार नाही. चित्र राहू दे, बघणाऱ्यांसाठी.

दुसरं, नावांभोवतीची नक्षी काढा. लोक लांडग्याच्या नावाला दोन्हीकडून फुलं, तारे, चंद्रकोरी लावतात. माझ्या कानात ते ‘काळा तारा, काळा तारा, चंद्रकोर, भैरू, चंद्रकोर, काळा तारा’ असं वाजतं, प्रत्येक पोस्टला. भैरू शिकारीवर झेप घेईपर्यंत ससा बारामतीला पोचतो.

तिपायवर एक प्रश्न: त्याच्या फाशांतून गुण कापणार आहात का?

---

कुसळी (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. अनुस्वार, ससा बारामतीला पोचला ते वाचून गटातल्या सगळ्यांनी आज नक्षी काढली, मला सांगावंही लागलं नाही.

मोडका_चष्मा, खिचडी झाली होती खरी. काल रात्री दादांशी दीड तास फोनवर बोलले. तुमचे मुद्दे, ८ क्रमांकाचा लांडगा, मेक, सगळं सांगितलं. मेक यांचं ते मान्य करायला त्यांना वीस मिनिटं लागली. मग म्हणाले, “मग अल्फाही काढ.” काढला. त्या तिघांनी आज सकाळपासून एक शब्द लिहिलेला नाही. बघू.

नवा नियम ४ सध्या असा आहे: ‘शरीर माळावरच्या लांडग्याचं असावं. जादू नाही, पंख नाहीत. त्या शरीराला काय झालंय, कुणाबरोबर राहतं, कुणाची पिल्लं सांभाळतं, हे लिहिणाऱ्याने ठरवावं. कुणाला शंका असेल तर त्याने मॉडला व्यनि (खासगी निरोप) करावा, चारचौघांत नियमाचा आकडा टाकू नये.’ उपासमार आता फक्त फाशांवर. दीडशे शब्दांची अट गेली. बोलीबद्दल कुणी टोकलं तर मीच टोकेन.

तिपायच्या फाशांचं मी त्या मुलालाच विचारलं. तो म्हणाला, “लांबच्या पाठलागात दोन कापा, पण दबा धरून बसण्यात एक वाढवा. त्याला बसायची सवय आहे.” दादांनी यावर नुसता अंगठा टाकला. त्यांच्याकडून तेवढंही पुष्कळ. दोन माद्यांच्या पिल्लांवर मात्र ते अजून गप्प आहेत, नाराजच असावेत. आभाळी ओढ्यात सापडली. ताईंनी अजून तिच्यासाठी काही लिहिलेलं नाही, आम्ही वाट बघतोय.

वासांचा नकाशा निम्मा झालाय. ओढा, वाघर, विटभट्टी, पोल्ट्रीच्या मागची बाजू लिहून झाली. पावसानंतरचा माळ आणि मे महिन्यातला माळ यांचे वास वेगळे लिहायचेत आणि मी पडले शहरातली. तिकडे कुणी राहिलं असेल, मेंढरांमागे हिंडलं असेल, तर प्लीज व्यनि करा.