'क्लोव्हरफिल्ड'मधला महाकाय प्राणी धड दिसतही नाही, तरी हा चित्रपट पकड का घेतो?

पूर्वरंग (प्रश्न)

मॅट रीव्हज यांनी दिग्दर्शित केलेला आणि जे. जे. एब्रम्स यांची निर्मिती असलेला 'क्लोव्हरफिल्ड' (२००८) नुकताच पुन्हा पाहिला. न्यूयॉर्कवर एक अवाढव्य प्राणी चालून येतो आणि ती सगळी रात्र आपल्याला एका हौशी माणसाच्या हातातल्या कॅमेऱ्यातून दिसते, एवढीच त्याची गोष्ट. १९५४ च्या जपानी 'गोजिरा'पासून (म्हणजे 'गॉडझिला') या जातीचे चित्रपट मी आवडीने पाहत आलो आहे आणि प्रेक्षक मुख्यतः त्या प्राण्यासाठीच येतो, असे धरून चालत आलो आहे. इथे मात्र तो प्राणी बराच वेळ दोन इमारतींच्या फटीतून, धुरातून, एखादा पाय किंवा पाठीचा भाग एवढाच दिसतो. तो कुठून आला, हे कोणी सांगत नाही. कॅमेरा तर इतका हलतो की प्रेक्षकांना मळमळू शकते, अशा सूचना अमेरिकेतील काही चित्रपटगृहांनी लावल्या होत्या. असे असूनही मी शेवटपर्यंत जागचा हललो नाही. ही पकड नेमकी कशाची आहे? आणि जीव मुठीत धरून पळणारा माणूस चित्रण करत राहतो, हे तुम्हाला पटते का?

रानवाट

माझ्या मते खरी करामत डोळ्यांच्या उंचीत आहे. 'गोजिरा'मध्ये दिग्दर्शक इशिरो होंडा आपल्याला संसदेतल्या चर्चेत, शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत, लष्कराच्या तोफांमागे, असे सगळीकडे नेतात, त्यामुळे भीती वाटली तरी काय चालले आहे हे आपल्याला टोकियोतल्या कोणाहीपेक्षा जास्त कळत असते. 'क्लोव्हरफिल्ड'ने प्रेक्षकाचा हा मान काढून घेतला आणि त्याला फुटपाथवर, गर्दीत, मान वर करून उभे केले.

स्वातंत्र्यदेवतेच्या मुंडक्याचे दृश्य आठवून पाहा. नायक रॉबच्या निरोपाच्या पार्टीतली मंडळी घाबरून रस्त्यावर येतात, दूर काहीतरी फुटते, एक प्रचंड वस्तू इमारतीवर आपटून रस्त्यावर गडगडत येते आणि ती थांबल्यावर कळते की हा एक चेहरा आहे आणि त्यावर ओरखडे आहेत. पुतळा मोडताना आपण पाहिलेला नसतो आणि प्राणीही अजून नीट समोर आलेला नसतो, पण त्याचे आकारमान त्या क्षणी मनात पक्के होते. लगेच आजूबाजूचे लोक मोबाइल काढून त्या मुंडक्याचे फोटो घेऊ लागतात. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला तिथेच मिळते. चित्रण करणारा हड हा त्या गर्दीतलाच एक आहे आणि हे सगळे कसे घडले ते लोकांना पाहायचे असेल, असे तो बोलूनही दाखवतो. शिवाय कॅमेरा डोळ्यासमोर धरला की समोरच्या गोष्टीपासून थोडे अंतर राखल्यासारखे वाटते आणि घाबरलेल्या माणसाला तेवढाही आधार पुरतो.

आणखी एक दृश्य मला फार महत्त्वाचे वाटते. रॉब मोबाइलची बॅटरी मिळवायला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शिरतो. तिथे लूट चालू आहे, पण लुटायला आलेले लोकही टीव्हीसमोर थबकले आहेत, कारण पडद्यावर बातम्या चालू आहेत. नेहमीच्या चित्रपटात जे दृश्य मुख्य असते, ते इथे दुकानातल्या टीव्हीवर, हडच्या कॅमेऱ्यातून, दुरून दिसते आणि तेवढ्यात हे लोक पुढे निघतात. दिग्दर्शकाला मोठे दृश्य दाखवता येत होते, तरी त्याने ते हातचे राखले. ही शिस्त मला थोर वाटते.

सांजकिरण

रानवाट यांचे विवेचन मान्य आहे, पण हे आकर्षण मला पूर्ण निर्मळ वाटत नाही. इमारत कोसळल्यावर रस्त्यातून धावत येणारा धुळीचा लोट, दुकानात घेतलेला आसरा, बाहेर आल्यावर धुळीने माखलेली माणसे, ही सगळी दृश्ये ११ सप्टेंबर २००१ च्या मॅनहॅटनमधली आहेत आणि तेव्हा त्या घटनेला सात वर्षेही झालेली नव्हती. 'गोजिरा'नेही ताजीच जखम हाताळली होती. मार्च १९५४ मध्ये बिकिनी बेटावरच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीत एका जपानी मासेमारी बोटीवरचे लोक किरणोत्साराने होरपळले आणि त्याच वर्षी तो चित्रपट आला. पण तिथे जखमींनी भरलेले इस्पितळ आहे, शाळकरी मुलींची प्रार्थना आहे, मेलेल्यांसाठी थांबणे आहे. 'क्लोव्हरफिल्ड' थांबतच नाही. ब्रुकलिन पुलावर रॉबचा भाऊ मारला जातो आणि काही मिनिटांत सगळे पुढच्या संकटाकडे धावतात.

दीपमाळ

सांजकिरण यांचा आक्षेप गंभीर आहे, परंतु या चित्रपटातला शोक वेगळ्या ठिकाणी ठेवलेला आहे, असे मला वाटते. त्या कॅमेऱ्यात रॉब आणि त्याचे जिच्यावर प्रेम आहे ती बेथ यांनी महिनाभरापूर्वी, २७ एप्रिलला, एकत्र घालवलेला दिवस आधीच साठवलेला आहे. हडचे चित्रण त्याच्यावरच चढत जाते आणि जिथे जिथे त्याचा कॅमेरा थांबला होता, तिथे जुन्या दिवसाचे काही क्षण वर येतात. एवढ्या धावपळीत कॉनी आयलंडवरचे ते ऊन आणि त्या दोघांचे हसणे मध्येच दिसते, तेव्हा हानी किती मोठी आहे हे कोणत्याही भाषणाशिवाय कळते. आणि हे सारे अमेरिकी संरक्षण खात्याच्या ताब्यातला पुरावा म्हणून आपल्यापुढे येते, ज्यात सेंट्रल पार्कचा उल्लेख 'पूर्वी या नावाने ओळखला जाणारा भाग' असा आहे. माणसे वाचली नाहीत, हे पहिल्या मिनिटापासून लिहून ठेवलेले आहे.

पूर्वरंग यांनी विचारलेल्या पकडीत आवाजाचाही मोठा वाटा आहे. चित्रपटभर पार्श्वसंगीत नाही. भुयारी रेल्वेच्या बोगद्यात आधी उंदीर एकाच दिशेने पळताना दिसतात, मग अंधारात चित्रण करण्याची सोय सुरू केली जाते आणि त्या प्राण्याच्या अंगावरून गळालेले छोटे, हिंस्र जीव छताला चिकटलेले दिसतात. तिथे व्हायोलिन असते, तर आपण आधीच सावध झालो असतो. मायकेल जियाकिनो यांची दमदार रचना थेट श्रेयनामावलीवर वाजते आणि तिच्यात 'गोजिरा'चे संगीतकार अकिरा इफुकुबे यांना केलेले वंदन स्पष्ट ऐकू येते.

पूर्वरंग

सर्वांचे आभार. जुन्या चित्रणाचा मुद्दा मला विशेष पटला. एक शंका मात्र उरते. इतका वेळ हातचे राखून शेवटी सेंट्रल पार्कमध्ये, दिवसाउजेडी, तो प्राणी हडच्या अगदी डोक्यावर संपूर्ण दाखवला आहे. आधीच्या शिस्तीला ते बाधक नाही का?

रानवाट

मला ते दृश्य आवश्यक वाटते. हड रात्रभर त्या प्राण्याकडे कॅमेरा रोखत आला आहे आणि तो प्रथमच पूर्णपणे दिसतो तेव्हा त्याला पळायला जागा उरलेली नसते. खाली पडलेला कॅमेरा त्यानंतरही चालू राहतो आणि त्याचा फोकस कधी जवळच्या गवतावर, तर कधी हडच्या निश्चल चेहऱ्यावर, असा आपोआप जात येत राहतो. इतका वेळ काय पाहायचे ते हड ठरवत होता, आता कोणीच ठरवत नाही. प्राणी आधी स्पष्ट दाखवला असता, तर तो क्षण आणखी एक हल्ला एवढाच उरला असता, आणि कधीच दाखवला नसता, तर हडने कॅमेरा का सोडला नाही याला चित्रपटाने उत्तरच दिले नाही, अशी तक्रार मीच केली असती.