हाणामारी नको, कामात मुरलेली माणसं हवीत: जानेवारीच्या आधी कोणता अ‍ॅनिमे बघू?

काउंटरमागची

नाशिकला आमचं मेडिकल आहे, मी फार्मासिस्ट. भाचीने अ‍ॅनिमेचा, म्हणजे जपानी कार्टून मालिकांचा, नाद लावला आणि बाईसाहेब स्वतः कोरियन मालिकांकडे वळल्या. आता घरात या विषयावर बोलायला कुणी नाही, म्हणून हा धागा. 2025 चा डिसेंबर संपत आलाय, जानेवारीत नवीन सीझन सुरू होतील, त्याआधी काय बघून घेऊ ते सांगा.

आधी माझी आवड सांगते, म्हणजे भलतंसलतं सुचवणार नाही कुणी.

'द अपॉथकरी डायरीज'चे दोन्ही सीझन झाले, 48 भाग. त्यातली माओमाओ माझ्याच धंद्यातली. पहिल्याच भागात तोंडाला लावायच्या पांढऱ्या भुकटीतल्या शिशाने राजवाड्यातली तान्ही बाळं दगावतात आणि ते ओळखते कोण, तर ही कपडे धुणारी पोर. आपल्याकडे अजून काही सुरम्यांत शिसं निघतं, त्यामुळे मी तिथेच ताठ बसले. पण माझा लाडका प्रसंग मेजवानीचा. माओमाओ राणीसाहेबांचं जेवण आधी चाखून बघणारी. सूपचा घोट घेते, गाल लाल, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर असं समाधान की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. मग शांतपणे रुमालाने तोंड पुसते आणि सांगते, यात विष आहे. तिचा चेहरा बघून एका मंत्र्याला राहवत नाही, तोही ते सूप चाखतो आणि आडवा होतो! हसून हसून पुरेवाट. स्वतःच्या डाव्या हातावर विषं लावून बघणारी ही बाई माझ्या दुकानात कामाला असती तर मी तिला पहिल्या दिवशी घरी पाठवलं असतं, आणि तरी तिच्यासारखं दुसरं पात्र मला मिळालेलं नाही.

'डिलिशस इन डंजन' तसाच. लाल ड्रॅगनने नायकाच्या बहिणीला गिळलंय, तिला सोडवायला निघालेत, खिशात दमडी नाही, म्हणून वाटेतले राक्षस शिजवून खायचे. ऐकायला वेडगळ वाटतं. पण तो सेन्शी, दाढीवाला बुटका आचारी! मातीचे चालते-फिरते गोलेम असतात, त्यांच्या पाठीवर तो भाजी लावतो. काढणी झाली की माती पुन्हा लिंपतो, बी पेरतो, गोलेम उठून आपल्या कामाला लागतो. माझं माहेर पिंपळगाव बसवंतचं, द्राक्षबागेतलं. तो भाग मी वडिलांना दाखवला. त्यांचा एकच प्रश्न होता, पाण्याचं काय करतो हा?

आणि फ्रीरेन. त्याबद्दल लिहायला बसले तर दुकान उघडायचं राहील. एवढंच सांगते, हजार वर्षांहून जास्त जगलेली जादूगार आणि तिला हौस कसली, तर गरम चहा आणणाऱ्या जादूची, गोड द्राक्षं आंबट करणाऱ्या जादूची. आमच्याकडे द्राक्षात साखर उतरावी म्हणून माणसं रात्र रात्र जागतात आणि ही बया उलटं शिकून ठेवते. का, तर जुन्या सोबत्याला आंबट आवडतात. अख्खी मालिका अशीच आहे, मोठी लढाई आधीच होऊन गेलेली आणि उरलंय ते हे.

'ऑर्ब', म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे शोधणाऱ्यांची गोष्ट, मात्र तिसऱ्या भागानंतर सोडला. ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल का ते.

तर प्रश्न: आपलं काम मनापासून येणारी माणसं असलेलं आणखी काय आहे? जुनं चालेल. 'पॉवर लेव्हल' आणि स्पर्धांच्या फेऱ्या नकोत. आणि 2026 मध्ये काय येतंय ज्याची वाट बघावी?

मृगनक्षत्र

ताई, 'ऑर्ब' सोडू नका. (पुढे थोडा स्पॉयलर.)

तिसऱ्या भागात जे होतं त्याने मीही हबकलो होतो. पण या मालिकेचा नायक माणूस नाहीच, नायक आहे तो कागदांचा पेटारा. माणसं जातात, पेटारा पुढच्याच्या हाती लागतो. चौथ्या भागापासून ओक्झी येतो, दुसऱ्यांच्या वतीने पैसे घेऊन द्वंद्व लढणारा. याला आकाशाकडे बघायची भीती वाटते, आणि नजर मात्र घारीची. मग बडेनी नावाचा महागर्विष्ठ साधू भेटतो, ज्याला गणित येतं पण डोळे अधू. या दोघांची जोडी म्हणजे तुम्ही म्हणताय तेच, कामात मुरलेली माणसं.

आता माझी तक्रार. मी वांगणीला आकाशदर्शनाला जाणारा माणूस, त्यामुळे ही खुपतेच. यात शुक्र जवळजवळ पूर्ण भरलेला दिसणं हा मोठा पुरावा आहे. तर्क अगदी बरोबर: पृथ्वी मध्यभागी मानणाऱ्या टॉलेमीच्या मांडणीत शुक्र कायम पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधे, म्हणजे तो कधी भरलेला दिसूच नये. दिसला, तर तो सूर्याच्या मागे जातो. पण ओक्झी हे नुसत्या डोळ्यांनी बघतो! भरलेला शुक्र आपल्यापासून सर्वांत लांब असतो, तेव्हा त्याची चकती आपल्या डोळ्याला वेगळी ओळखता येईल त्याच्या साधारण एक-षष्ठांश. गॅलिलिओला 1610 मध्ये त्यासाठी दुर्बीण लागली. आणि पंधराव्या शतकात या विचारासाठी असा छळ झाल्याचा इतिहास नाही, कोपर्निकसचं पुस्तकच 1543 चं, चर्चने त्यावर बंदी आणली 1616 मध्ये. शेवटच्या भागांत मालिका स्वतःच या मुद्द्याशी कशी खेळते ते बघा, एक खरं ऐतिहासिक नाव येतं तिथे. मी सांगणार नाही.

एवढं सगळं खुपूनही 25 च्या 25 भाग पाहिले. तो खलनायक नोवाक, पकडीने नखं उपटता उपटता घरच्या लेकीच्या गप्पा मारणारा, त्याच्यासाठी तरी बघाच.

सुसाट_पुणेकर

हाणामारी नको म्हणजे काय ताई! सप्टेंबरमध्ये 'डीमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल' थिएटरला पाहिला. पहाटेचा शो, सगळं थिएटर पोरांनी भरलेलं, टायटल पडल्यावर शिट्ट्या. तेच थिएटर अकाझाची मागची गोष्ट सुरू झाल्यावर चिडीचूप. तुम्ही औषधवाल्या म्हणून सांगतो (स्पॉयलर!): हा राक्षस माणूस असताना आजारी बापाच्या औषधासाठी चोऱ्या करत होता. पुढे एका आजारी मुलीची सेवा करत बरा माणूस झाला, तर तिला विहिरीत विष कालवून मारलं. आता बोला.

शिवाय हा सिनेमा बनवणाऱ्या यूफोटेबल स्टुडिओची माणसं पाणी आणि आग ज्या निगुतीने काढतात ते काम नाही का? तुम्हाला पडद्यावरचे कारागीर दिसतात, पडद्यामागचे नाही.

8 जानेवारीला 'जुजुत्सु कायसेन'चा तिसरा सीझन येतोय. मी तर दिवस मोजतोय. तुम्ही नका बघू, त्यात फेऱ्याच फेऱ्या आहेत. :)

झिलकरी

मी एकच नाव देतो: 'शोवा गेन्रोकू राकुगो शिंजू'. 2016 चा पहिला सीझन, 2017 चा दुसरा. राकुगो म्हणजे एकट्याने बसून गोष्ट सांगायची. उठायचं नाही, हातात पंखा आणि एक रुमाल, बस. पंख्याचीच तलवार होते, त्याचीच नूडल्स खायची काडी. दोन गुरुबंधू: एकाला जन्मजात हशा वसूल करता येतो, दुसरा घासून घासून शिकतो आणि कित्येक वर्षं प्रेक्षक जांभया देतात.

मूळ जपानी आवाजच ऐका. अकिरा इशिदा हा कलाकार एकाच पात्राचा तरुण आवाज आणि म्हातारा आवाज देतो, आणि त्या पात्राच्या तोंडून राकुगोतली माणसंही उभी करतो. 'शिनिगामी' ही मृत्युदेवाची गोष्ट तो सांगतो तो प्रसंग तर बघाच. माझे वडील कीर्तनकार, मी त्यांच्यामागे टाळ धरून वाढलो. समोरच्या रांगेतला माणूस कधी उठून जाणार हे बुवांना पाठ फिरवूनही कळतं, ती नेमकी भीती या मालिकेत आहे.

पहिला भाग दुप्पट लांबीचा आहे, चहा करून बसा.

@सुसाट, यूफोटेबलचं कौतुक मान्य, पण तीन पात्रं लढता लढता आपला जीवनपट सांगायला थांबतात त्याचं काय?

सुसाट_पुणेकर

थांबतात म्हणूनच तर रडू येतं काका.

बोरू_आणि_शाई

2026 चं विचारलंय म्हणून: 'विच हॅट अटेलिए'. 2025 मध्ये येणार होती, काम नीट व्हावं म्हणून पुढे ढकलली, आता एप्रिल 2026 म्हणतात. कामोमे शिराहामाचा मूळ मांगा (जपानी चित्रकथा) मी वाचतेय. त्या जगात जादू मंत्राने होत नाही, काढावी लागते. शाईने चिन्हं काढायची, भोवती वर्तुळ पूर्ण केलं की जादू चालू. रेघ थरथरली की जादूही वेडीवाकडी. नायिका कोको शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी. जादूगार काय करतात हे चोरून बघते, पुस्तकातली आकृती गिरवते आणि त्यात घात होतो.

मी सुलेखन शिकवते. वर्तुळाची दोन टोकं जुळवताना मुलं श्वास रोखतात, तो श्वास शिराहामाने पानावर पकडलाय. पडद्यावर तो उतरेल का हीच धास्ती. मांग्यातल्या बारीक रेघा हलत्या चित्रात आणणं सोपं नाही, बग फिल्म्स हा स्टुडिओही तसा नवा.

आणि 'मेडलिस्ट'. उशिरा सुरुवात केलेली एक लहान मुलगी आणि स्वतःही उशिरा सुरुवात केल्याने मागे पडलेला तिचा कोच, नागोया, फिगर स्केटिंग. यात स्पर्धा आहेत, पण ताई, त्या पळवाटीने मान्य करून घ्या. स्केटिंगची नृत्यं अकिको सुझुकीने बसवलीत, ती स्वतः ऑलिंपिकला गेलेली. पहिला सीझन 13 भागांचा, दुसरा 24 जानेवारीला. आठवड्यात सहज संपेल.

काउंटरमागची

वा, एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

@मृगनक्षत्र, पेटाऱ्याचं सांगितलंत ते बरं झालं, मी पहिल्या तीन भागांतल्या त्या पोराच्या पाठी लागले होते. चौथा भाग आज रात्री. शुक्राचं मात्र आता सारखं आठवत राहणार, धन्यवाद म्हणू की भांडू?

@सुसाट, तुझी ती विहीर मला झोपू देणार नाही. विष कोणतं होतं ते सांगितलंय का सिनेमात? नसेल सांगितलं तर माओमाओने तासाभरात शोधलं असतं. सिनेमा घरी बघायला मिळाला की बघेन, थिएटरला शिट्ट्यांत नाही.

@झिलकरी, राकुगो सुट्टीसाठी राखून ठेवतेय. दुकानात दर पाच मिनिटांनी कुणीतरी 'ती परवाची गुलाबी गोळी द्या' म्हणत येतं, असलं काही मधे तोडून बघवत नाही.

@बोरू, मेडलिस्टच्या स्पर्धा मान्य. फ्रीरेनच्या दुसऱ्या सीझनचं काय वाटतं तुम्हाला? दिग्दर्शक बदललाय म्हणे, माझ्या पोटात गोळा आलाय.

बोरू_आणि_शाई

बदललाय, आता तोमोया कितागावा. पण पहिल्या सीझनचे दिग्दर्शक केइचिरो साइतो मदतीला आहेत, स्टुडिओ मॅडहाउसच आणि संगीत इव्हान कॉलचंच. मला जास्त काळजी वाट बघण्याची. पहिल्या सीझनचे पहिले चार भाग जपानमध्ये एका रात्रीत सिनेमासारखे दाखवले होते, म्हणून ती संथ गती अंगवळणी पडली. यंदा 16 जानेवारीपासून आठवड्याला एकच, शुक्रवारी. मी दोन-तीन साठवून मग बघणार.

सुसाट_पुणेकर

साठवून? शनिवारी सकाळी या धाग्यावर स्पॉयलर पडणार, आधीच सांगून ठेवतो. आणि ताई, अपॉथकरीचा तिसरा सीझन ऑक्टोबर 2026 मध्ये आहे, दुकानाच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.