मदत हवी आहे: तोडलेल्या ऑर्किडच्या फुलांतले थ्रिप्स (फुलकिडे) पॅकिंगआधी कसे घालवायचे? (सोलापूर)

शेडनेटवाला_मोहोळ

राम राम मंडळी. इथं बहुतेक जण डाळिंब, द्राक्ष, ऊसवाले आहेत हे माहीत आहे, तरी विचारतो. मोहोळ तालुक्यात आमचं १० गुंठ्यांचं शेडनेट आहे. डेंड्रोबियम ऑर्किड, जास्त करून जांभळ्या सोनिया जातीचा, थोडा पांढरा. तिसरं वर्ष चालू आहे. सोलापुरातले डेकोरेशनवाले नेतात, उरलेला माल रात्रीच्या गाडीनं पुण्याला गुलटेकडीच्या फूलबाजारात जातो.

जानेवारीतली आमची गड्ड्याची जत्रा झाली आणि त्यानंतरच्या दोन गाड्यांना आडत्याचा फोन आला. फुलांत किडे चालतायत म्हणे, गिऱ्हाइकानं तळहातावर दांडा झटकून दाखवले. पहिल्या खेपेला निम्मा भाव मिळाला. दुसऱ्या खेपेची पट्टीच (विक्रीचा हिशेब) आली नाही, माल टाकून दिला म्हणाला. मी भिंग घेऊन बसलो तर खरंच पिवळसर, दोऱ्याच्या बारीक तुकड्यासारखे किडे फुलाच्या मधल्या जिभेखाली दडलेले.

आत्तापर्यंत केलेले उद्योग सांगतो, हसू नका. बादलीत कडुनिंबाचं तेल आणि भांड्याचा साबण कालवून दांडे बुडवले. किडे कमी झाले, पण पाकळ्यांवर तेलकट डाग पडले आणि वर आमच्या बोअरच्या खाऱ्या पाण्याचे पांढरे ठिपके. मग ओळखीच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये दोन रात्री माल ठेवला, थंडीनं मरतील म्हणून. तिथं ४ अंश असतं. बाहेर काढल्यावर तासाभरात किडे फिरायला लागले आणि फुलं मात्र पाणचट होऊन मेली.

तोडल्यावर, बॉक्समध्ये भरायच्या आधी, हे सगळे मरतील असं काही आहे का? शनिवारी लग्नाची ऑर्डर द्यायची आहे.

बार्शी_एक्सप्रेस

भाऊ, सोपं आहे. धान्यात ठेवतात ती गोळी. खोली बंद करून दोन गोळ्या ठेवा, सकाळी सगळं साफ.

निवृत्त_कृषीवाला

वरचा सल्ला कृपा करून कोणी वापरू नका. ती अ‍ॅल्युमिनिअम फॉस्फाईडची गोळी आहे. ओल लागली की तिच्यातून फॉस्फीन निघतो, आणि ओली फुलं भरलेल्या खोलीत तो झपाट्यानं निघेल. शेतातली खोली म्हणजे बाजूला माणसं झोपलेली असतात. शेजारच्या खोलीत गॅस शिरून घरंच्या घरं गेलेली आहेत. हे काम परवानाधारक धुरीकरणवाल्याचं, हौशी माणसाचं नाही.

धुरीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. थायलंडहून कट ऑर्किड जगभर जातात आणि त्यांचंही दुखणं थ्रिप्सच. तिथं निर्यातीच्या मालाला मिथाईल ब्रोमाईडची धुरी देत आले. ओझोनच्या थराला मारक म्हणून माँट्रिअल करारानं शेतीतला तिचा वापर बंद केला, फक्त क्वारंटाईनसाठी, म्हणजे मालाबरोबर कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून, आणि माल पाठवण्याआधीच्या धुरीला सवलत ठेवली. पण धुरीनं किडा मेला तरी फुलाचं आयुष्य घटतं, हा अनुभव सगळीकडचा. तुम्हाला गुलटेकडीला माल पाठवायचा आहे, जपानला नाही. धुरी डोक्यातून काढून टाका.

बार्शी_एक्सप्रेस

बरं बाबा, चुकलं. गव्हात चालतं म्हणून म्हणलं.

फुलवेडी

दादा, मी तळेगावच्या बाजूला एका पॅकहाऊसमध्ये ८ वर्षं काम केलंय. गुलाब-जरबेरा जास्त, ऑर्किड थोडं. तुमचे दोन्ही प्रयोग का फसले ते सांगते.

डेंड्रोबियम उष्ण हवेतलं झाड आहे. त्याचं फूल १० अंशांखाली सोसत नाही. कळ्या पिवळ्या पडतात, पाकळ्या पाणचट होतात. १० ते १३ अंशांत ठेवायचं. थ्रिप्सला मात्र ४ अंशांत दोन दिवस म्हणजे नुसती गुंगी.

बुडवण्याचं म्हणाल तर पद्धत खोटी नाही. हवाईत निर्यातीच्या फुलांवर कीटकनाशक आणि कीटकनाशक साबणाच्या द्रावणात बुडवायचे बरेच प्रयोग झालेत. पण भांड्याचा साबण वेगळा आणि कीटकनाशक साबण वेगळा. पाणी शेततळ्यातलं किंवा आरओचं घ्या. दांडे डोकं खाली करून हलक्या हातानं बुडवा, नाहीतर जिभेखाली हवा अडकते आणि किडा कोरडाच राहतो. मग पंख्याखाली पूर्ण वाळवा, ओलं फूल बॉक्समध्ये गेलं की बुरशी ठरलेली. आधी १० दांड्यांवर करून बघा आणि ते बाटलीत आठवडाभर ठेवा. सोनियाला जे चाललं ते पांढऱ्याला चालेलच असं नाही, पांढऱ्यावर डाग लगेच दिसतो.

आणि जहाल औषधात बुडवायचा मोह झाला तर एवढंच आठवा, की शनिवारी हीच फुलं नवरीच्या अंबाड्यात जाणार आहेत.

दांडे जोरानं झटकू नका. आतला परागाचा पिवळा ठिपका निखळला की फूल स्वतःच इथिलीन सोडतं आणि मान टाकतं. पिकत्या केळी-आंब्यासोबत एका टेम्पोत पाठवलंत तरी तेच होणार.

शेडनेटवाला_मोहोळ

ताई, आभार. म्हणजे नीट बुडवलं तर सगळे मरतील ना?

फुलवेडी

नाही. मादी अंडी पाकळीच्या आत घालते, तिथं द्रावण पोचत नाही. आज बुडवलं, दोन-चार दिवसांनी गिऱ्हाइकाच्या फुलदाणीत पिल्लं निघाली. उरलेसुरले काढायला बुडवणं ठीक. बॉक्समध्ये कीड कमी जायला हवी असेल तर ती शेडमध्येच कमी असायला हवी.

कांदेपोहे_प्रेमी

एक विचारू? शेडच्या बाजूला काय आहे? आमच्याकडं कांदा काढला की सगळे थ्रिप्स उठून शेजारच्या मिरचीवर येतात.

शेडनेटवाला_मोहोळ

अरे देवा. पूर्वेला चुलत्यांचा पाऊण एकर कांदा होता. जत्रेच्या आदल्या आठवड्यातच काढलाय. पण शेडला नेट आहे की.

निवृत्त_कृषीवाला

सावलीचं नेट थ्रिप्सला अडवत नाही, त्या भोकातून तो आरामात येतो. कांद्यावरचाच की दुसरा, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. पण त्यानं तुमचं काम अडत नाही. निळे चिकट सापळे फुलांच्या उंचीला लावा, पूर्वेकडे जास्त. रोज सकाळी पांढऱ्या कागदावर ५-६ दांडे बोटानं हळू टिचकवा आणि मोजा. आकडा लिहून ठेवा, तोंडी हिशेब नको.

फवारणी एकदा करून थांबू नका. पाकळीतली अंडी आणि झाडं लावलेल्या नारळाच्या सोडणात पडलेले कोष त्यातून सुटतात. आपल्या उन्हात पिढी दोन आठवड्यांत पुरी होते, म्हणून ५-७ दिवसांनी पुन्हा, आणि दर वेळी वेगळ्या गटाचं औषध. स्पिनोसॅडची नोंद मिरचीवरच्या थ्रिप्ससाठी आहे, ऑर्किडचं नाव लेबलवर सापडणार नाही. म्हणून मात्रा कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या, दुकानदाराला नको.

फुलवेडी

दादा, अजून एक. शेंड्याच्या कळ्या फुगून, वाकड्या होऊन गळतायत का? तशी एखादी चिरून बघा.

शेडनेटवाला_मोहोळ

आत्ता बघून आलो. पाच वाकड्या कळ्या चिरल्या, तीनमध्ये पांढुरक्या अळ्या. हे नवीनच! मी कळीगळ उन्हानं होते असं धरून चाललो होतो.

फुलवेडी

मिज माशी दिसतेय. दक्षिणेत मोगऱ्याच्या कळ्या खाते तीच ऑर्किडवरही येते. अळी कळीत बंद असते, त्यामुळे बुडवून काही होत नाही. वाकड्या कळ्या खुडून पिशवीत घाला आणि तोंड बांधून उन्हात टाका. खाली पडू देऊ नका, अळी मातीत जाऊनच कोष करते.

शेडनेटवाला_मोहोळ

मंडळी, शुक्रवार रात्रीचा हिशेब. पूर्वेच्या दोन बेडवर सहा दांड्यांत ३१ थ्रिप्स, पश्चिमेला सहा दांड्यांत ४. शनिवारच्या ऑर्डरचा माल फक्त पश्चिमेचा तोडला, शेततळ्याच्या पाण्यात कीटकनाशक साबण घालून बुडवला, आता पंख्याखाली आहे. पांढरा दिलाच नाही. ऑर्डर ६० दांड्यांनी कमी पडली, डेकोरेशनवाल्याला खरं कारण सांगितलं. तो म्हणाला, झेंडूनं भरून काढतो. पूर्वेचे उमललेले सगळे दांडे आणि कळ्यांच्या दोन बादल्या काढल्यात. आई म्हणते, जीव तुटतो.

चुलत्यांचा विहिरीकडचा कांदा अजून उभा आहे, पंधरा दिवसांनी काढणार. तारीख मला चार दिवस आधी सांगा म्हणून आत्ताच त्यांच्या ओट्यावर जाऊन चहा पिऊन आलोय.