मदत हवी आहे: फक्त फोटोंसाठी रीब्रीदर घ्यावा का?

मंडळी, रीब्रीदरबद्दल (सोडलेला श्वास पाण्यात न सोडता शुद्ध करून पुन्हा घ्यायला देणारं डाइव्हिंगचं यंत्र) सल्ला हवाय. साध्या स्कूबावर माझ्या दीडशेच्या आसपास डाइव्ह झाल्यात, बहुतेक १५ ते २५ मीटरमधल्या. हल्ली कॅमेरा घेऊन उतरतो. गेल्या खेपेला एक गोबी (तळाशी राहणारा छोटा मासा) बिळातून अर्धा बाहेर आला होता. मी श्वास धरून ठेवला (धरू नये, माहितीये, ओरडू नका). शेवटी सोडावा लागलाच, बुडबुडे खळखळले आणि फोटोत आलं नुसतं बीळ.

त्याच दिवशी रीब्रीदरवाले दोघं होते. मासे त्यांच्या मास्कपाशी येऊन बघत होते! आम्ही पाऊण तासात वर, ते दोन तासांनी आले. वर म्हणतात, घसाही कोरडा पडत नाही. लोक रीब्रीदरकडे नेमके कशासाठी वळतात? फक्त शांततेसाठी? किंमत सोडून बोला, ती बघून झाली आहे.

प्रतिसाद १

शांतता हवीहवीशी असते खरी, पण मुळात सगळी गोष्ट गॅसची आहे. आपण सोडतो त्या श्वासात अजून १६ टक्के ऑक्सिजन उरलेला असतो आणि स्कूबावर तो सरळ पाण्यात जातो. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागत असतील, तर ३० मीटरवर दाब चौपट, म्हणजे ८० लिटर. शरीर मात्र कुठल्याही खोलीवर साधारण लिटरभरच ऑक्सिजन वापरतं. रीब्रीदर तेवढाच भरून काढतो, कार्बन डायऑक्साइड सोडा लाइमच्या (तो शोषणारे चुन्याचे दाणे) डब्यात अडकतो. त्या क्रियेत उष्णता आणि पाणी सुटतं, म्हणून घसा ओला. ८०-९० मीटरवर हीलियम मिसळलेला गॅस घेऊन जाणाऱ्यांना यावाचून फार पर्याय उरत नाही.

दुसरं म्हणजे, १८ मीटरवर हवेत ऑक्सिजनचा आंशिक दाब (मिश्रणातल्या एकट्या ऑक्सिजनचा दाब) ०.६ बारसुद्धा नसतो. यंत्र तो १.३ वर धरून ठेवतं, म्हणजे नायट्रोजन कमी आणि डिको (अंगात मुरलेला नायट्रोजन निघावा म्हणून वर येताना थांबणं) कमी. पण तुमच्या खोलीवर यातला बराच फायदा नायट्रॉक्सही (जादा ऑक्सिजनची हवा) देतो.

आता नावडती बाजू. स्कूबा बिघडला तर बहुतेकदा लगेच कळतं. लूपमधला (श्वास फिरत राहतो त्या बंद मार्गातला) ऑक्सिजन घसरला तर काहीच कळत नाही, माणूस बेशुद्ध पडतो. माझे ऑक्सिजन मोजणारे तीन सेन्सर आहेत. एकदा दोन १.२८ दाखवत होते आणि तिसरा १.०५. कोण खरं, याचा वाद पाण्यात घालायचा नसतो. बेलआउट टाकीवर (अडचणीसाठी ठेवलेली वेगळी टाकी) गेलो आणि डाइव्ह संपवली.

आणि गोबीसाठी म्हणून सांगतो: श्वास भरून थोडं वर उचललं जाणं, सोडून खाली बसणं, हे विसरा. हवा फक्त फुप्फुसातून काउंटरलंगमध्ये (यंत्राची श्वासाची पिशवी) जाते, एकूण आकारमान तेवढंच. पहिल्या दहा-बारा डाइव्हमध्ये मी तळावरची वाळू इतकी उडवली की मासे बुडबुड्यांवर पळाले असते तर बरं, असं वाटलं.

धागाकर्ता

हे तरंगण्याचं कुणी बोललंच नव्हतं! मग आधी एक ट्रायल डाइव्ह करतो, तोवर खरेदी थांबवली. एकच विचारतो, सेन्सर कधी बदलता?

प्रतिसाद १

वर्ष झालं की. आकडे चांगले दिसत असले तरी.