सार्वमत, जनमत कौल की अजून काही? (मदत हवी आहे)

कोलंबसवासी:
नमस्कार मंडळी. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय, विषय अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला गर्भपाताचा कायदा, तो मतदारांनी ठरवायचा की राज्याच्या आमदारांनी. 24 जून 2022 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा हक्क देशभर मान्य करणारा 1973 चा रो खटल्याचा निकाल उलटवला, प्रश्न राज्यांकडे गेला आणि त्याच संध्याकाळी इथे 2019 चा, साधारण सहा आठवड्यांनंतर गर्भपाताला बंदी घालणारा कायदा लागू झाला. पुढे 7 नोव्हेंबर 2023 ला लोकांनी मतदान करून राज्याच्या घटनेतच गर्भपाताचा हक्क घातला, जवळजवळ 57 टक्क्यांनी. ह्या मतदानाला मी "सार्वमत" लिहिलं तर संपादक काकांनी खोडून टाकलं. म्हणे सार्वमत जुनागढ-काश्मीरचं, कुठल्या देशात राहायचं ते ठरवायचं असेल तेव्हा. त्याऐवजी "जनमत चाचणी" लिही. पण जनमत चाचणी म्हणजे निवडणुकीआधी चॅनेलवाले करतात तो ओपिनियन पोल ना? त्याने कायदा बदलत नाही. काय लिहू? दोन आठवड्यांत अंक छापायला जातोय.

जुना_वाचक:
काकांचं निम्मं बरोबर आहे. जुनागढला फेब्रुवारी 1948 मध्ये झालं ते सार्वमत, लहानपणापासून तो शब्द तसाच ऐकलाय. पण ब्रेक्झिटलाही मराठी पेपरांनी सार्वमतच लिहिलं आणि कोणी अडखळलं नाही. शब्द रुळला की रुळला. सार्वमतच ठेवा.

पणजीहून:
ओपिनियन पोलने काही बदलत नाही असं गोव्यात येऊन म्हणू नका ताई :) 16 जानेवारी 1967 ला गोवा महाराष्ट्रात जायचा की केंद्रशासित राहायचा ह्यावर जे मतदान झालं त्याला इंग्रजीत ओपिनियन पोलच म्हणतात, आणि त्यानेच सगळं ठरलं. विलीनीकरणाला चिन्ह फूल, विरोधाला दोन पानं. दोन पानांना 1,72,191, फुलाला 1,38,170. आमच्या घरात आजोबा फुलाचे आणि आजी दोन पानांची, आजीने हे मरेपर्यंत त्यांना सांगितलं नाही, मला सांगितलं. आम्ही त्याला मराठीत "जनमत कौल" म्हणतो. तुम्हाला हाच शब्द हवा. आणि एक लक्षात घ्या, त्याआधीच्या विधानसभेत विलीनीकरणवाल्यांचंच बहुमत होतं, आमदारांवर सोडलं असतं तर निकाल उलटा लागला असता. तुमच्या लेखाचा विषय तोच आहे ना?

देवगडकर:
+1 जनमत कौल. कौल हा आपला अस्सल कोकणी मातीतला शब्द आहे, देवाला कौल लावतात, पाषाणाला कळे म्हणजे फुलांच्या कळ्या लावायच्या, उजवा पडला की होकार, डावा पडला की नकार. माझ्या चुलत्यांनी विहीर खणायच्या आधी लावला होता, डावा पडला, नाही खणली. लोकांचा होकार-नकार विचारायला ह्याहून चांगला शब्द कुठला असणार.

जुना_वाचक:
मातीतला वगैरे नाही हो, अरबी क़ौल, म्हणजे वचन, बोल. मराठेशाहीतला कौलनामा त्यातलाच, रयतेला जमीन कसायला अभय देणारा. देवाचा कौल म्हणजे देवाने दिलेला शब्द.

देवगडकर:
पेशव्यांच्या दफ्तरात अरबी असेल, आमच्या देवळात नाही. गुरव काय अरबी शिकले होते?

लोकनिर्णय_म्हणा:
अरबी असेल तर का वापरायचा हा खरा प्रश्न. "लोकनिर्णय" स्वच्छ शब्द आहे, कोणालाही कळतो. आणि ताई, "आमदार" तरी ओहायोला कसा चालेल, त्यांना "विधिमंडळ सदस्य" म्हणा.

जुना_वाचक:
आमदार, खासदार, दुकानदार, फौजदार सगळे काढा मग. माझी आई चौथी शिकलेली, तिला आमदार कळतो, विधिमंडळ सदस्य नाही.

कोलंबसवासी:
थांबा थांबा. अजून एक अडचण आहे, ती आधी लिहायला हवी होती. ओहायोत हा प्रस्ताव लोकांनी सह्या करून आणला, साधारण 4 लाख 13 हजार लागत होत्या, सात लाखांवर दिल्या. कॅन्सस राज्यात ऑगस्ट 2022 ला झालं ते मात्र विधिमंडळानेच लोकांपुढे ठेवलं होतं, हक्क काढून घेण्यासाठी, आणि 59 टक्के लोकांनी नाही म्हटलं. टेक्सासमध्ये तर सह्या करून असं काही आणायची सोयच नाही. म्हणजे "मतदार की आमदार" एवढ्यावर भागत नाही, मतदारांपुढे प्रश्न कोणी ठेवला ह्यालाही शब्द हवा. कौल मागणारा कोण ते "जनमत कौल" मध्ये दिसत नाही.

डॉक्टरीणबाई:
मला ह्याच्याही पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते, प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला. तुमच्या ओहायोतच मतपत्रिकेवर मूळ दुरुस्तीतला "फीटस" काढून मतपत्रिकेचा मजकूर ठरवणाऱ्या राज्याच्या बॅलट बोर्डाने "अनबॉर्न चाइल्ड" घातलं, लोक कोर्टात गेले तरी ते तसंच राहिलं. मराठीत काय लिहिणार? गर्भ? भ्रूण? पोटातलं बाळ? शास्त्राप्रमाणे आठ आठवड्यांपर्यंत भ्रूण आणि मग गर्भ, पण ओपीडीत कोण असं बोलतं. मी बीडकडे सरकारी दवाखान्यात होते तेव्हा बायका गर्भपात हा शब्द कधीच उच्चारायच्या नाहीत, "पिशवी धुवायची", "क्युरेटिन करायचंय", "मोकळं करा" असंच. आणि आपण सगळीकडे "स्त्रीभ्रूणहत्या" लिहून ठेवलं, भिंतींवर रंगवलं, त्यामुळे कायद्यात बसणारा गर्भपात मागणाऱ्या बाईलाही वाटायचं की आपण हत्या करतोय, एक तर परत गेली आणि पाचव्या महिन्यात कुठून तरी करून रक्तस्राव होत आली. वाचली. "गर्भलिंगनिवड" म्हणा, हत्या नको. ह्यावर मी भांडायला तयार आहे.

लोकनिर्णय_म्हणा:
डॉक्टर, मुली पाडल्या गेल्या ही हत्या नाही तर काय? मवाळ शब्द घातला की गुन्हा मवाळ होतो.

डॉक्टरीणबाई:
गुन्हा चाचणी करून निवडण्याचा आहे. त्यासाठी महाराष्ट्राने 1988 मध्येच स्वतःचा कायदा केला, केंद्राचा 1994 मध्ये आला. म्हणजे आमदारांनी आधी केलं, हे त्यांच्या बाजूने लिहा हवं तर. आणि 1971 चा गर्भपाताचा कायदा ज्या समितीच्या अहवालावर झाला तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह, महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री. तेव्हा कौलही नाही आणि विधानसभाही नाही, संसदेने केला. बायकांना कोणी विचारलं नव्हतं, पण निदान दार उघडलं.

बेळगावची_लेक:
सविता हलप्पनवार आमच्या बेळगावची. ऑक्टोबर 2012, आयर्लंडमध्ये, सतरा आठवड्यांची गरोदर, मूल वाचणार नाही हे कळलेलं, तरी ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात केला नाही, सेप्सिसने गेली, 31 वर्षांची. तिथे घटनेतच गर्भपात अडवणारं कलम होतं, ते काढायला लोकांचंच मत घ्यावं लागलं, मे 2018, 66 टक्क्यांनी काढलं. त्या दिवशी आमच्या गल्लीत बायका टीव्हीसमोर बसल्या होत्या. माझी आई म्हणाली, "लोकांनी न्याय दिला". सार्वमत नाही, कौल नाही, न्याय म्हणाली. पण ते कलम 1983 मध्ये घातलं होतं तेही लोकांनीच मत देऊन, हे मला नंतर कळलं आणि अजून पचत नाही.

कोलंबसवासी:
हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. लेखात सविताचं नाव घालतेय. सासूबाईंनी 2023 ला पहिल्यांदा मत दिलं, मतपत्रिका मीच समजावून सांगितली, "अनबॉर्न चाइल्ड"ला मी "गर्भ" म्हणाले, आणि आता वाटतं की बोर्डाने एकीकडे ओढलं तसं मी दुसरीकडे ओढलं का. जे छापलं होतं तेच सांगायला हवं होतं. शब्द अजून ठरला नाही, तूर्त "मतदारांचा कौल" लिहिलंय.

देवगडकर:
उत्तम. फक्त तळटीपेत अरबी लिहू नका, कौल हा कुल शब्दावरून आला असणार, कुलदैवताला विचारतात तो कौल.

जुना_वाचक:
मग घरावरची कौलं पण कुलदैवताची का? तो वेगळा शब्द आहे, हा वेगळा. घरी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश असेल तर काढून बघा आणि इथे लिहा.

पणजीहून:
आमच्याकडे देवाला लावतात त्याला "प्रसाद" म्हणतात, कौल नाही. मालवणात दोन्ही म्हणतात का?